देवमासा, घुणा आणि खडकवासल्याच्या प्रतिकृती

देवमासा हा सागरी सस्तन प्राणी आणि लाकूड पोखरणारा घुणा यांची तुलना करू जाता प्रथम लांबीच डोळ्यांत भरते. नील देवमासा सुमारे ३० मीटर, तर घुण्याचा भुंगेरा सुमारे ५ मिलिमीटर. प्रमाण ६००० : १. आकृती तीच ठेवून लांबी ६००० पट केली, तर पृष्ठफळ ३ कोटी ६० लक्ष पट होते आणि घनफळ त्याच्याही ६००० पट. या साध्या गणिताचा एक धागा खडकवासल्यापर्यंत येतो.

गॅलिलिओने इ. स. १६३८ च्या आपल्या ग्रंथात हा प्रश्न मांडला. प्राणी मोठा होत जाईल तसतशी त्याची हाडे प्रमाणाबाहेर जाड व्हावी लागतात. जलचरांचा भार मात्र पाणीच पेलते. म्हणूनच किनाऱ्यावर येऊन पडलेल्या देवमाशास स्वतःच्या वजनाखाली श्वास घेणेही कठीण जाते. घुण्याचे याच्या अगदी उलट. उंचावरून पडल्याने त्याला सहसा इजा होत नाही, पण पाण्याच्या एका थेंबात सापडला तर पृष्ठताणातून सुटणे दुरापास्त. एकावर गुरुत्वाकर्षणाची सत्ता, दुसऱ्यावर पृष्ठताणाची व श्यानतेची.

जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहण्यासाठी विल्यम फ्रूडने १८७२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये टॉर्की येथे जलकुंड बांधले. वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यावा, हा त्याचा नियम. डार्सी टॉम्सनने १९१७ मध्ये तोच नियम माशांना लावून दाखविला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१६ मध्ये, मुंबई इलाख्याने पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठी जो विभाग स्थापिला, त्यातूनच पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र उभे राहिले.

फ्रूडच्या नियमाने शतांश प्रतिकृतीत वेग एकदशांश व विसर्ग एकलक्षांश होतो. परंतु ३ मीटर खोल नदी १ : ६०० या प्रमाणात घडविली, तर पाणी उरते ५ मिलिमीटर, म्हणजे घुण्याएवढे! अशी नदी देवमाशाच्या राज्यातून घुण्याच्या राज्यात जाते. तिच्या प्रवाहात पृष्ठताण व श्यानता शिरजोर होतात. यावर उपाय म्हणून खोली मुद्दाम वाढवितात. उभे प्रमाण १ : १०० धरले की पाणी ३ सेंटिमीटर होते. अशा विरूपित प्रतिकृतींचा अभ्यास क्लॉड इंग्लिस यांनी येथे दीर्घकाळ केला व १९४९ च्या आपल्या ग्रंथात तो मांडला.

विरूपणाची किंमत मात्र मोजावी लागते. उतार व काठ अवास्तव तीव्र होतात. त्यामुळे तळाच्या झिजेचे आकडे सरळ गुणून नदीस लावणे धोक्याचे. आपल्याकडे घुणाक्षरन्याय प्रसिद्धच आहे: किड्याने पोखरलेल्या लाकडात योगायोगाने अक्षर उमटते, म्हणून तो साक्षर ठरत नाही. प्रतिकृतीचा एखादा निष्कर्ष नदीशी जुळला, तर त्याचीही तीच शंका घ्यावी लागते. यास्तव नदीचे पूर्वी नोंदलेले वर्तन प्रतिकृतीत आधी उतरवून पाहतात, आणि मगच तिला भावी बंधाऱ्याविषयी विचारतात.