आट्यांचं दुखणं

जुनं यंत्र घेताना लोक मोटर बघतात, गंज बघतात. मी आधी स्पिंडलचे आटे मोजतो. लाकूड कातायचा माझा लेथ जुना इंग्लिश, मायफर्डचा एमएल ८. स्पिंडल एक इंची, इंचाला १२ आटे. अमेरिकेत त्याच एक इंचाला ८ आटे चालतात आणि युरोपात ३३ मिलिमीटर, साडेतीनच्या पिचचे. आता शोधा चक!

हे दुखणं दीडशे वर्षांहून जुनं. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं प्रमाण मांडलं, कोन ५५ अंशांचा. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा सुचवला, करायला सोपा म्हणून. अर्ध्या इंची बोल्टला व्हिटवर्थचे १२ आटे, सेलर्सचे १३. फरक एवढासाच, पण दुसऱ्या महायुद्धात एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेना. तेव्हा कुठे १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका, कॅनडा यांचं जमलं. जुनी यंत्रं मात्र चालतच राहिली. (आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक आलं, सुतार अजून इंचाला आठ सूत मोजतो.) असो.

शेवटी एका टर्नरने अडॅप्टर करून दिला: आत इंची आटे, बाहेर मेट्रिक. त्याचा लेथ इंची, त्यामुळे आतले चटकन झाले. बाहेरच्यांसाठी त्याने खोक्यातून १२७ दातांचा गियर काढला. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. दोन मापं पूर्णांकात पहिल्यांदा भेटतात ती तिथे. कित्येक वर्षांत लागला नव्हता म्हणे, पण भंगारातही दिला नव्हता.