ज्ञा, प्रा आणि एक अदृश्य चिन्ह

सावद्याच्या आसमंतांत केळीची लागण होते ती बियांनीं नव्हे. पूर्वीं एका बागेंतील मुनवे काढून दुसऱ्या बागेंत लावीत. अलीकडे प्रयोगशाळेंत वाढविलेलीं रोपें आणतात. रीत कोणतीहि असो, सारीं झाडें एकाच मूळ झाडाचीं लेकरें. किंबहुना तेंच झाड पुनः पुनः उगवलेलें. त्यामुळें मालांत सारखेपणा येतो, आणि उत्तरेकडे केळीं पाठविणाऱ्या व्यापाऱ्यास तो हवाच असतो. परंतु एका झाडास जो रोग बाधतो तो सगळ्यांसच बाधूं शकतो. ग्रो मिशेल नांवाची जात विसाव्या शतकाच्या मध्यास पनामा रोगामुळें जगाच्या व्यापारांतून उठली, ती याच कारणानें.

संगणकाच्या जगांतहि अशीच एक लागण चालते. प्रत्येक सॉफ्टवेअर लिहिणारा सर्व कामें स्वतः करीत बसत नाहीं. पडद्यावर अक्षर उमटविणें, मजकूर गुप्त करून धाडणें, अशीं नित्याचीं कामें कोणी तरी एकदां लिहून ठेवितो आणि बाकीचे तींच वापरतात. अशा सामायिक संचास लायब्ररी म्हणतात; पुस्तकांच्या लायब्ररीशीं तिचें साम्य इतकेंच कीं ती सर्वांना खुली असते. मला विचाराल तर छापखान्यांतील मातृकेची उपमा अधिक चपखल आहे. मातृकेंत ओरखडा असला तर तींतून ओतलेला प्रत्येक खिळा तोच ओरखडा घेऊन बाहेर पडतो, आणि एकेक खिळा घासून तो दोष हटत नाहीं.

सन २०१८ च्या फेब्रुवारींत अ‍ॅपल कंपनीच्या फोनांवर एक चमत्कारिक आपत्ति आली. तेलुगु लिपींतील एक अक्षर संदेशांत आलें कीं तो दाखविणारें सॉफ्टवेअर जागच्या जागीं कोसळे, व पुनः उघडूं गेल्यास पुनः कोसळे. सूचनेच्या पट्टींत तें आलें तर फोनचा मुख्य पडदाच बंद पडे. तें अक्षर कोणतें म्हणाल, तर ‘ज्ञा’! ज्ञान या शब्दाच्या आद्याक्षरानेंच यंत्राची बुद्धि नष्ट व्हावी, हा योग मोठा गमतीचा खरा. पण ज्यांचे फोन अडले त्यांना ती गंमत वाटली नसावी. खोडसाळ मंडळींनीं तें अक्षर मुद्दाम इतरांस धाडण्याचा सपाटा लाविला. त्यावर तात्पुरता तोडगा मोठा घरगुती होता: दुसऱ्या कोणास तरी आणखी एक संदेश पाठवावयास सांगावें, म्हणजे तें अक्षर मागें पडून दार उघडतें, आणि मग तें सगळें संभाषणच पुसून टाकावें.

वर्तमानपत्रांनीं ‘तेलुगु अक्षराचा प्रताप’ असा मथळा देऊन विषय संपविला. वस्तुतः दोष तेलुगूचा नव्हता आणि एका अक्षराचाहि नव्हता. हें ज्यांनीं उलगडून दाखविलें ते मनीष गोरेगावकर त्या वेळीं मोझिला संस्थेंत काम करीत. त्यांनीं त्याच महिन्यांत अनेक जोडाक्षरें एकामागून एक घालून पाहिलीं आणि दोषाचा नियमच शोधून काढिला. एक व्यंजन, मग हलन्त, मग मागून चिकटणारें दुसरें व्यंजन, त्यापुढें एक अदृश्य चिन्ह आणि शेवटीं स्वर, असा क्रम आला कीं यंत्र अडखळे. हें अदृश्य चिन्ह अक्षरें परस्परांस जुळूं नयेत म्हणून असतें. तें कागदावर दिसत नाहीं, पण यंत्राला दिसतें. तेलुगूंत बहुतेक व्यंजनें अशीं मागून चिकटतात, बंगालींत य आणि र, आणि आपल्या देवनागरींत एकटा र. म्हणजे आमच्या हुद्द्याचें पहिलेंच अक्षर, ‘प्रा’, मध्यें तें चिन्ह दडवून लिहिलें असतें तर ‘ज्ञा’ इतकेंच घातक ठरलें असतें! मात्र पहिलें व्यंजन स्वतः र असेल तर कांहीं होत नसे. तेथें रफाराची निराळी वाट लागते. ज्यानें लहानपणीं बाराखडी गिरविली आहे त्यालाच हा नियम सुचावा, असें मला वाटतें.

कंपनीनें १९ फेब्रुवारी २०१८ रोजीं दुरुस्ती धाडली. दोष निघाला तो कोअरटेक्स्ट नांवाच्या अक्षरें मांडणाऱ्या सामायिक लायब्ररींत. विपरीत अक्षरमाला आली कीं यंत्राच्या स्मृतींतील भलत्याच जागीं लिहिलें जाई, आणि असें लिहिणें म्हणजे केवळ खोळंबा नव्हे, चोराला खिडकी उघडी ठेवणें होय. म्हणून तो सुरक्षिततेचा दोष म्हणून नोंदला गेला. एकाच मातृकेंत दोष असल्यामुळें फोन, संगणक, घड्याळ व दूरचित्रवाणीचा संच या सर्वांसाठीं दुरुस्ती काढावी लागली. पण मातृकेचा धनीहि एकच असल्यामुळें ती अल्पावधींत निघाली, हेंहि तितकेंच खरें.

जेथें धनी एक नसतो तेथें काय होतें, हें चार वर्षें आधींच दिसलें होतें. मजकूर गुप्त करणारी ओपनएसएसएल ही लायब्ररी जगांतील असंख्य संकेतस्थळें फुकट वापरीत. मार्च २०१२ मधील आवृत्तींत तींत एक चूक शिरली. पलीकडच्यानें आपण अमुक लांबीचा मजकूर पाठविला असें सांगावें आणि यंत्रानें तें न मोजतांच स्वतःच्या स्मृतींतून तेवढा मजकूर परत द्यावा! अशा रीतीनें एका खेपेस चौसष्ट किलोबाइटपर्यंत गुपितें बाहेर पडूं शकत. ती ७ एप्रिल २०१४ रोजीं जाहीर झाली, दुरुस्तीहि त्याच दिवशीं निघाली. पण ती ज्यानें त्यानें आपापल्या यंत्रावर बसवावयाची होती. सर्वांच्या तिजोरीचें हें कुलूप सांभाळणाऱ्या मंडळींस वर्षाकांठीं देणग्या मिळत त्या सुमारें दोन हजार डॉलरांच्या. हा आंकडा वाचला तेव्हां गांवच्या विहिरीची मला आठवण झाली. पाणी सगळ्यांचें, आणि गाळ काढावयाचा कोणी?

अक्षरांच्या बाबतींत ‘ज्ञा’ हें पहिलें प्रकरण नव्हतें. सन २०१३ आणि २०१५ मध्यें अरबी अक्षरांनीं हेच फोन अडविले होते. दुरुस्त्या होत गेल्या. तरी एप्रिल २०२० मध्यें इटलीच्या ध्वजाच्या चित्राबरोबर कांहीं अक्षरें आलीं आणि ते पुनः अडले. या वेळीं तीं अक्षरें सिंधी होतीं.