‘वर्ग’ ते ‘परम’ : परम विशिष्ट सेवा पदकाचा नामेतिहास

राज्यसंस्था जेव्हा एखाद्याचा सन्मान करते, तेव्हा त्या सन्मानाला नाव देण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. गौरवाची ही परिभाषा सहसा राजपत्रे आणि नियमावल्या यांत पडून राहते व वाङ्मयाच्या अभ्यासकाचे तिच्याकडे लक्ष जात नाही. वस्तुतः तुलनात्मक अभ्यासाला ती उत्तम सामग्री पुरवते. कारण तिच्यात भाषांतर, सत्ता आणि शब्दार्थाचे स्थलांतर या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात. प्रस्तुत लेखात परम विशिष्ट सेवा पदक या लष्करी सन्मानाच्या नावाचा इतिहास या दृष्टीने तपासला आहे.

हे पदक २६ जानेवारी १९६० रोजी स्थापन झाले, तेव्हा त्याचे नाव ‘विशिष्ट सेवा पदक, वर्ग पहिला’ असे होते. दुसरा व तिसरा असे आणखी दोन वर्ग त्यासोबत निर्माण करण्यात आले. २७ जानेवारी १९६७ रोजी हे वर्ग रद्द होऊन अनुक्रमे ‘परम विशिष्ट सेवा’, ‘अति विशिष्ट सेवा’ आणि ‘विशिष्ट सेवा’ अशी नावे रूढ झाली. शांतताकाळातील अत्यंत असाधारण सेवेसाठी परम विशिष्ट सेवा पदक दिले जाते. नियमानुसार सैन्यदलांतील सर्व हुद्द्यांच्या व्यक्ती, परिचर्या सेवेतील अधिकाऱ्यांसह, त्यास पात्र आहेत. प्रत्यक्षात मात्र ते मुख्यतः लेफ्टनंट जनरल आणि नौदल व हवाईदलातील समकक्ष हुद्द्यांवरील अधिकाऱ्यांना मिळत आले आहे. नियमातील ‘सर्व’ आणि व्यवहारातील ‘ज्येष्ठ’ यांमधील हे अंतर या पदकाच्या इतिहासातील कळीचा मुद्दा आहे.

‘विशिष्ट सेवा’ या शब्दजोडीला वसाहतकालीन पूर्वपीठिका आहे. ब्रिटिश सैन्यात १८८६ मध्ये ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान सुरू झाला. तो अधिकाऱ्यांसाठी होता. १९०७ मध्ये ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ आले. ते हिंदी शिपाई, हवालदार, जमादार, सुभेदार यांच्यासाठी होते. दोन्हींत ‘विशिष्ट सेवा’ हाच शब्दप्रयोग होता व दोन्ही प्रामुख्याने युद्धातील कामगिरीशी निगडित होती; परंतु साहेबाला ‘ऑर्डर’ आणि शिपायाला ‘मेडल’ अशी विभागणी होती. त्याही आधी, १८३७ मध्ये, कंपनी सरकारने स्थापन केलेल्या ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’त पहिल्या वर्गास ‘सरदार बहादूर’ आणि दुसऱ्या वर्गास ‘बहादूर’ हा किताब मिळत असे. म्हणजे वर्गाचा आकडा आणि देशी भाषेतील बिरुद एकमेकांना जोडण्याची युक्ती वसाहतीच्या राज्यकर्त्यांनाही अवगत होती.

प्रजासत्ताकाच्या पहिल्या दोन दशकांत या आकड्याशी झालेली झटापट उद्बोधक आहे. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर, महावीर आणि वीर ही तीन चक्रे स्थापन झाली, तेव्हा त्यांना आरंभीच स्वतंत्र नावे लाभली. परंतु १९५२ मधील अशोक चक्र तीन वर्गांत विभागलेले होते. जानेवारी १९५४ मध्ये पद्म सन्मानांचेही ‘पहिला वर्ग’, ‘दुसरा वर्ग’ व ‘तिसरा वर्ग’ असे प्रकार केले गेले आणि वर्षभरात, जानेवारी १९५५ मध्ये, त्यांची जागा पद्मविभूषण, पद्मभूषण व पद्मश्री या नावांनी घेतली. सेनादलांत हाच पालट १९६७ मध्ये घडला. अशोक चक्राचे दुसरे व तिसरे वर्ग कीर्ती चक्र व शौर्य चक्र झाले आणि सेवा पदकांचे नामांतरही त्याच वेळी झाले. सरकारी नोकरीतील ‘वर्ग एक’ ते ‘वर्ग चार’ ही उतरंड ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना या बदलामागील औचित्य वेगळे समजावून सांगावे लागू नये. ‘तिसऱ्या वर्गाचे’ शौर्य हा शब्दप्रयोगच कानाला खटकणारा आहे.

मराठी वाचकाला येथे एक जुना दाखला आठवेल. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनी सरनौबतास सेनापती, डबिरास सुमंत, सुरनिसास सचिव अशी संस्कृत पदनामे दिली. राज्यव्यवहारकोश हा ग्रंथ त्याच दृष्टीचे फलित होय. शासनाची शब्दकळा बदलून शासनाचे स्वत्व सांगण्याचा हा प्रयत्न होता. प्रजासत्ताकाने संस्कृतचा आधार घेतला तो अशाच गरजेपोटी, असे म्हणता येईल. मात्र एक भेद महत्त्वाचा आहे. नागपूरकर भोसल्यांचे ‘सेनासाहेब सुभा’ किंवा गायकवाडांचे ‘सेनाखासखेल’ ही बिरुदे घराण्यात वंशपरंपरेने चालली. प्रजासत्ताकातील पदक व्यक्तीपुरते असते. ते वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जात नाही.

आता शब्दांकडे वळू. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘विशिष्ट’ हे इंग्रजी शब्दाचे अचूक भाषांतर आहे. इतरांपासून वेगळे काढलेले, असा त्याचा मूळ अर्थ. हिंदीत ‘विशिष्ट अतिथि’ म्हणजे मान्यवर पाहुणा. आजच्या मराठीत मात्र ‘विशिष्ट परिस्थितीत’, ‘विशिष्ट हेतूने’ अशा प्रयोगांतून हा शब्द ‘ठरावीक’ या अर्थाकडे कलला आहे. ‘विशिष्ट सेवा’ हे शब्द मराठी कानाला प्रथम ठरावीक प्रकारच्या सेवेचा बोध करून देतात. ‘अति’ची गत याहून अवघड. ‘अति तेथे माती’ म्हणणाऱ्या भाषेत हा उपसर्ग गौरवापेक्षा अतिरेक सुचवतो. उलट परमार्थ, परमेश्वर या शब्दांमुळे ‘परम’ला भक्तिपरंपरेचे वलय आहे. एकाच राजपत्रातील तीन नावे भाषेच्या सीमा ओलांडताच तीन वेगळ्या वाटांनी जातात.

चौथा शब्द ‘सेवा’. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात ‘स्वामींचे सेवेसी’ हा मायना धाकट्याने थोरास लिहावयाचा असे. सेवेची दिशा खालून वर होती. या पदकात मात्र सेवा अधिकाराच्या शिखरावरील व्यक्तीस आरोपिली जाते. सेनापतीचे नेतृत्व हेही सेवाच होय, असा लोकशाहीचा दावा या नावात अध्याहृत आहे. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांना सेवेची तिन्ही पदके लाभली. त्या बालरोगतज्ज्ञ आहेत. रणभूमीबाहेरील ज्ञान आणि संघटन यांनाही लष्करी गौरवाच्या भाषेत स्थान मिळाले, हे या नावाचे श्रेय मानले पाहिजे.

परंतु याच दाव्याची दुसरी बाजू सन्मानांच्या अधिकृत क्रमात दिसते. परमवीर व अशोक चक्र या पदकाच्या वर आहेत. महावीर चक्र मात्र खाली आहे. जनरल अरुणकुमार वैद्य यांना १९६५ व १९७१ च्या युद्धांत दोनदा महावीर चक्र मिळाले. तरी त्यांच्या नावापुढे प्रथम पी.व्ही.एस.एम., मग एम.व्ही.सी. आणि त्यानंतर ए.व्ही.एस.एम. ही अक्षरे येतात. शत्रूच्या तोफांसमोर दाखवलेले धैर्य शांतताकाळातील सेवेच्या मागे उभे राहते. आणि ही सेवा व्यवहारात अत्युच्च हुद्द्यापाशीच ओळखली जात असेल, तर गौरव कार्याचा की पदाचा, हा प्रश्न टाळता येत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले. लष्करी व विद्याविषयक मानचिन्हे तेवढी अपवाद ठेवली. पद्म सन्मान नावाच्या मागे-पुढे लावता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बालाजी राघवन खटल्यात स्पष्ट केले. सैनिकाची पदकाक्षरे मात्र त्याच्या नावासोबत राहतात. त्यामुळे या नावांतील प्रत्येक शब्दाचे सार्वजनिक वजन अधिक आहे.

१९८० मध्ये युद्धसेवेसाठी सर्वोत्तम, उत्तम आणि केवळ ‘युद्ध सेवा’ अशी नवी त्रयी आली, तेव्हाही विशेषणांची हीच पायरी वापरली गेली. नामांतराने आकडा पुसला. उतरंड विशेषणांत मुरली. सेवा पदकांच्या फितीत तर तो आकडाही अद्याप शिल्लक आहे. सोनेरी पार्श्वभूमीवर परम विशिष्टासाठी एक, अति विशिष्टासाठी दोन आणि विशिष्टासाठी तीन गडद निळ्या रेघा असतात. १९६७ मध्ये नावातून गेलेला वर्ग गणवेशावर आजही मोजता येतो.