शब्दवेध : ख्रिस्त

शिरवण्याहून जुईनगर स्टेशन गाठायचं, ठाण्याला लोकल बदलायची, की कल्याण. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस याने लिहून ठेवलंय की ‘कल्लियाना’त ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो. ते आपलं कल्याणच, असं अनेक अभ्यासक मानतात.

‘ख्रिस्त’ हा मूळ ग्रीक ‘ख्रिस्तोस’, म्हणजे तेलाने अभिषिक्त. हिब्रू ‘माशिआख’चं ते भाषांतर; त्याचाच अरबी भाऊबंद ‘मसीह’.

याच शब्दापायी चर्च दुभंगलं. मरियेला ‘थिओटोकोस’, म्हणजे देवाला जन्म देणारी, असं म्हणण्यापेक्षा ‘ख्रिस्तोटोकोस’, ख्रिस्ताला जन्म देणारी, म्हणा, असा कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क (तिथला मुख्य बिशप) नेस्टोरियस याचा आग्रह. 431 मध्ये एफिससच्या परिषदेने त्याला पदावरून काढलं.

कल्याणला बिशप धाडणाऱ्या इराणी चर्चने एफिससचा निर्णय मानला नाही. म्हणून तिथले बिशप रोमच्या लेखी पाखंडी. हा अन्यायच होता. नेस्टोरियसने ख्रिस्ताचं देवत्व कधी नाकारलं नव्हतं.

1994 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आणि त्याच इराणी चर्चचा वारसा सांगणाऱ्या असिरियन चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एकत्र सही करून मरियेची दोन्ही संबोधनं ग्राह्य ठरवली.