परत आलेला चेक आणि तुरुंगाचं दार

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा चेक बाऊन्सशी काय संबंध? संबंध अगदी घरगुती आहे. काही वर्षांपूर्वी आमचाच एक चेक परत आला. पेन्शन महिनाअखेरीला जमा होईल असं धरून आम्ही सोसायटीला दुरुस्तीच्या वर्गणीचा चेक देऊन बसलो. त्या महिन्यात पेन्शन चार दिवस उशिरा आलं, चेक त्याआधीच बँकेत पोचला. शेरा पडला, पुरेशी शिल्लक नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही उसने पैसे घेऊन रोख नेऊन दिले. चिटणीस हसून म्हणाले, "सर, तुमचासुद्धा?" प्रकरण मिटलं. रात्री मात्र झोप लागेना. आम्ही खोटं बोललो होतो का?

कान्टने १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात नेमका असा एक माणूस उभा केलाय. त्याला पैशाची नड आहे. फेडता येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, तरी तो फेडीन असं वचन देऊन कर्ज घेतो. सगळेच असं करू लागले तर वचनाला काही अर्थच उरणार नाही, असं कान्ट म्हणतो. लक्षात घ्या, हा माणूस वचन देतानाच खोटा आहे. आमचं तसं नव्हतं. सही करताना मन साफ होतं, खातं रिकामं निघालं. पहिलं खोटं, दुसरं नुसतं थकलेलं देणं. आपल्या कायद्याने हा फरक बराच काळ पाळला. मग १९८९ साली तो पुसून टाकला. ते कसं झालं, हे आज पाहायचंय.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात तगाद्याचं वर्णन आहे, ते मुळातून वाचावं असं आहे. कुळ बरोबरीचं किंवा खालचं असेल तर सावकार त्याला घरात कोंडायचा, जेवू द्यायचा नाही, उन्हात बसवायचा. डोक्यावर जड धोंडा देऊन एका पायावर उभं करण्यापर्यंत मजल जायची. आणि कुळ वरचढ असेल तर? मग धनकोच त्याच्या उंबऱ्यावर आडवा पडायचा, दाराशी आरडाओरडा करायचा, उपाशी बसायचा, म्हणजे आतल्यालाही जेवता येईना. तगादा एकच, पण कुणाला ऊन लागायचं ते कुळाच्या पायरीवर ठरायचं!

व्यापाऱ्यांचं जग वेगळं होतं. हुंडी सकारली गेली नाही तर काय, याची तजवीज ते आधीच करत. हुंडीसोबत जिक्री चिठ्ठी असायची. ती त्या गावातल्या एखाद्या भल्या पेढीच्या नावे लिहिलेली असे, की ज्याच्यावर हुंडी काढलीय त्याने पैसे दिले नाहीत तर आमच्या वतीने तुम्ही द्या. चूक झाली तरी पत राहावी, अशी ही सोय. पत गेली की पेढी गेली, ती शिक्षा पुरेशी होती.

इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत दैवी कोपाची भीती घालून दाराशी धरणं धरणं हा गुन्हा ठरवला. कायद्याच्या उदाहरणात हा शब्दच आलाय. पण त्याच वेळी सावकाराच्या हाती दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा दिला, आणि हुकूमनाम्यापोटी ऋणकोला अटक करता येत होती. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांची खतं जाळली, ती याच रागातून. त्यानंतर दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी १८७९ चा कायदा आला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. ही गोष्ट आपण शाळेत दंगल म्हणून शिकतो. तुरुंगाचं एक दार बंद झालं, हे कुणी सांगत नाही.

दोनच वर्षांनी, १८८१ ला, चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा झाला. चेकची व्याख्या त्यातलीच. चेक परत आला तर तुरुंग, असं त्यात कुठेही नव्हतं. पैशासाठी दिवाणी दावा लावा. फसवणूक म्हणायची असेल तर ४२० खाली सुरुवातीपासूनच लबाडीचा हेतू होता हे सिद्ध करा. म्हणजे कान्टचा माणूसच हवा. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितलं, की निव्वळ दारिद्र्यामुळे फेडू न शकणाऱ्याला कोठडीत घालणं घटनेच्या २१व्या कलमात बसत नाही.

आणि आठ वर्षांत गाडी उलटी फिरली. कारण खरं होतं, हेही मान्य केलं पाहिजे. माल उचलायचा, चेक द्यायचा, तो परत येणार हे माहीत असायचं. लहान पुरवठादाराने दिवाणी कोर्टात किती वर्षं काढायची? चेकवर लोकांचा विश्वास बसावा म्हणून १९८८ च्या दुरुस्तीने १८८१ च्या कायद्यात १३८वं कलम घातलं, ते १ एप्रिल १९८९ ला लागू झालं. आधी एक वर्षापर्यंत कैद, २००२ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अट अशी, की चेक कायदेशीर देण्यापोटी हवा. देणगीचा चेक न वटला तर हे कलम लागत नाही.

पुढचं १४०वं कलम फारसं कुणी वाचत नाही. चेक देताना तो परत येईल असं मला वाटलं नव्हतं, हा बचावच चालणार नाही, असं ते म्हणतं. झालं! कान्टचा लबाड आणि पेन्शनची वाट पाहणारा मास्तर एकाच पिंजऱ्यात. आमच्या मते पुरवठादाराला वाचवायला एवढं करायची गरज नव्हती. हेतूचं ओझं आरोपीवर टाकलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. सर्वोच्च न्यायालयही नंतर म्हणत आलं, की या कलमाचा मुख्य रोख भरपाईवर आहे. २०२१ च्या एका निकालात तर हा खटला म्हणजे लांडग्याचं कातडं पांघरलेली मेंढी, अशा अर्थाची टिप्पणी आहे. मेंढी आहे तर कातडं कशाला, असं विचारावंसं वाटतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालात आकडा दिलाय: २०१९ अखेर देशातल्या २.३१ कोटी प्रलंबित फौजदारी खटल्यांपैकी ३५.१६ लाख या एकाच कलमाचे. २०२० च्या जूनमध्ये अर्थमंत्रालयाने हा गुन्हा रद्द करण्याचा विचार मांडला, व्यापारी संघटनांनी विरोध केला, कलम राहिलं.

आम्हाला खरी काळजी आहे ती कोऱ्या चेकची. आज हातउसने देणारा खत लिहून घेत नाही, सही केलेले कोरे चेक घेऊन ठेवतो. रक्कम तो भरणार, तारीख तो घालणार. २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेकही देण्यापोटीच दिला असं गृहीत धरलं जाईल. नसेल तर आरोपीने दाखवावं. भाजीच्या गाडीवाल्याने ते कसं दाखवायचं? १८७९ ला बंद झालेलं दार त्याच्यासाठी चेकच्या एका पानाने पुन्हा उघडलंय.

एक चिठ्ठी आलीय: नोटीस घेतलीच नाही तर? अहो, असं करू नका. बरोबर पत्त्यावर रजिस्टर्ड टपालाने पाठवलेली नोटीस मिळाली असंच धरलं जातं. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने नोटीस द्यायची असते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवस तुमचे असतात. तेवढ्यात पैसे दिले तर गुन्हाच होत नाही. आणि नोटीस खरोखरच मिळाली नसेल, तर समन्स आल्यापासून पंधरा दिवसांत कोर्टात रक्कम भरता येते, असा २००७ चा निकाल आहे. आणखी कुणाची चिठ्ठी?