सहा काडतुसांची गोष्ट

दिवाळी आली की आमच्या गल्लीत टिकल्यांच्या पिस्तुलांचा सुकाळ होतो. पत्र्याचे पिस्तूल मागच्या वर्षीचे असले तरी चालते. कोनाड्यातून काढावे, गंज पुसावा, खटक्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवावे, की ते पुन्हा शूरवीरांच्या कमरेला जायला तयार! पण टिकल्यांचे तसे नाही. मागच्या वर्षीच्या उरलेल्या टिकल्या पावसाळ्याची ओल खाऊन बसलेल्या असतात. दहा वेळा खटका दाबावा तेव्हा एखादी कशीबशी 'फट्' म्हणते. मग आमचे चिरंजीव तोंड वेडेवाकडे करून माझ्यापुढे उभे राहतात आणि म्हणतात, "बाबा, पिस्तूल आहे, पण टिकल्याच नाहीत!"

हे वाक्य ऐकले की मला आमच्या शुक्रवार पेठेतले अण्णा आठवतात. कारण अण्णांचीही तक्रार नेमकी हीच होती. फरक एवढाच, की अण्णांचे वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यांचे पिस्तूल खरे.

खरे म्हणजे ते पिस्तूलही नव्हे, रिव्हॉल्वर. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे, मार्क फोर, अडतीस बोअरचे. दुसऱ्या महायुद्धातल्या घाईगर्दीत असली हत्यारे चकाकी न देताच कारखान्याबाहेर पडत, आणि कंपनीची अब्रू जाऊ नये म्हणून त्यांच्या अंगावर 'वॉर फिनिश' असा छाप मारीत. जणू नवरीच्या बापाने आधीच सांगून टाकावे, की मुलगी गुणी आहे, रंगाचे तेवढे विचारू नका! अण्णांचे वडील लष्करात होते. १९४७ साली बिऱ्हाड आवरून विलायतेला निघालेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून त्यांनी ते रीतसर परवान्यावर घेतले. वडिलांच्या मागे परवाना अण्णांच्या नावावर झाला. दर निवडणुकीला अण्णा ते पोलीस ठाण्यात जमा करीत आणि निकाल लागला की परत आणीत. "आमच्या घरात ह्येच एक पाच वर्षांनी माहेरला जातंय बघा," असे म्हणायचे.

मी त्यांच्या ओळखीचा झालो तो नेमबाजीमुळे. शाळेत इतिहास शिकवावा, रात्री कादंबरीची पाने खरडावीत आणि सुटीच्या दिवशी क्लबात जाऊन पॉइंट टूटूची रायफल चालवावी, हा माझा क्रम. नेमबाजीचा नाद विचित्र खरा, पण त्यात एक मोठे सुख आहे. नेम धरताना श्वास अर्ध्यावर थांबतो, आणि त्या दोन क्षणांत उद्याचा गृहपाठ, दूधवाल्याचे बिल, संपादकांचे तगाद्याचे पत्र, काही म्हणता काही डोक्यात उरत नाही.

एके दिवशी अण्णा क्लबात आले. एक चपटा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "मास्तर, सहाच राहिल्यात."

डब्यात सहा काडतुसे होती. पितळ काळवंडलेले. बुडावर खडकीच्या कारखान्याची 'के. एफ.' ही दोन अक्षरे. मी एक उचलून हातात धरले. एवढासा तो ऐवज. पण त्याच्यामागे केवढा इतिहास उभा आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे माझ्यातल्या मास्तराला शक्य नाही. वाचकांनी तेवढे सोसावे.

पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले. शब्द जोडीने आले, पण दोघांचे नशीब वेगळे. पिस्तूल हे भांड्यासारखे. जपले तर शंभर वर्षे टिकते. काडतूस हे धान्यासारखे. त्याला ओल लागते, ते शिळे होते, ते संपते. म्हणून ज्याच्या हातात पिस्तूल तो बलवान ही समजूत भाबडी आहे. ज्याच्याकडे काडतुसाचे कोठार तो बलवान! इंग्रजांना हे फार लवकर कळले, आणि कळले तेही काडतुसानेच शिकवले म्हणून. १८५७ मध्ये दाताने तोडायच्या चरबीच्या कागदी काडतुसाने सारे राज्य हादरले. पुढे १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला; १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या अमदानीत हत्यारांचा कायदा आला आणि परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. एका हाताने काडतुसे बनवायची आणि दुसऱ्या हाताने घराघरांतली शस्त्रे काढून घ्यायची, असा तो दुहेरी बेत.

म्हणूनच १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली, तेव्हा पेटीच्या चोरकप्प्यातून नुसती पिस्तुले आली नाहीत, काडतुसेही आली. नुसते पिस्तूल येऊन उपयोग काय होता? त्यातल्याच एका ब्राउनिंगने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध केला. रंगभूमीवर त्या रात्री 'शारदा' नाटक होते.

आणि आमचे सोलापूर? १९३० च्या मे महिन्यात या गावाने गोळीबार पाहिला, लष्करी कायदा पाहिला. इकडच्या हातात दगड आणि तिकडच्या हातात रायफली, असा तो सामना होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांचे पुतळे शाळेला येता-जाता पाहतच आमची पोरे मोठी होतात. त्याच वर्षी २२ जुलैला फर्ग्युसन कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे नावाच्या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. सोलापुरातल्या जुलमाचा तो जबाब होता. हॉटसन वाचला. खिशातल्या पाकिटाची धातूची गुंडी आड आली, असे तिकडून सांगण्यात आले. अंगात चिलखत होते, असे आपल्याकडची म्हातारी माणसे सांगत आली. वर्गात हा प्रसंग सांगितला की पोरे हटकून विचारतात, "गुरुजी, एवढ्या जवळून मारलेली गोळी अडते कशी?" मी पुस्तकातले उत्तर देत असे. गोळी अडते म्हणजे काय, ते मी कधी पाहिले नव्हते.

असो. अण्णांची अडचण अशी होती, की मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत; त्याला ना परवाना हवा ना रिव्हॉल्वर. अण्णांचा हात थरथरू लागलेला. हत्यार सरकारजमा करून टाकायचे त्यांनी ठरवले होते. लष्करी मापाची नवी काडतुसे काही वाण्याच्या दुकानात मिळत नाहीत. तेव्हा ही सहा जशीच्या तशी जमा करायची, की उडवायची?

"वडलांनी जपली, मीबी जपली," अण्णा म्हणाले. "जपून जपून काय केलं? एकदा आवाज तरी ऐकू द्या की!"

परवानगीचे सोपस्कार झाले आणि मार्चमधल्या एका सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही गावाबाहेरच्या रेंजवर गेलो. समोर मातीचा बंधारा, पंधरा मीटरांवर कागदाचे लक्ष्य. अण्णांनी डाव्या बाजूची कळ अंगठ्याने दाबली आणि रिव्हॉल्वर मधोमध मोडले; नळी खाली झुकली, चक्राची सहा घरे वर आली. वेब्लीची ही खासियत. पूर्ण उघडले की रिकामी टरफले सगळी एकदम वर उचलली जातात. मोटेने पाणी ओतावे तशी.

पहिल्या दोन गोळ्या अण्णांनी झाडल्या. कागदाला एकही लागली नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आले ते मी दहा कादंबऱ्यांत लिहू शकणार नाही. मग रिव्हॉल्वर माझ्या हाती आले. मी घोडा अंगठ्याने मागे ओढला, श्वास अर्ध्यावर धरला. धाड! मला वाटले होते हाताला हिसडा बसेल. पण एखाद्या पोक्त माणसाने खांदा धरून मागे सारावे, तसा तो धक्का होता. ही गोळी मुळात संथ. आवाजापेक्षाही तिचा वेग कमी. आधी ती नुसत्या शिशाची, तेरा ग्रॅमची असे. पण मऊ शिसे देहात पसरते, आणि पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्याने बंदी घातलेली. असल्या गोळ्यांना जगभर नाव पडले होते ते आपल्या कलकत्त्याजवळच्या डमडमचे! म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर इंग्रजांनी हिला धातूचे कवच चढवले आणि वजनही थोडे उतरवले. माणसे मारण्याच्या धंद्यातही सोवळेओवळे असते ते असे.

चौथी गोळीही छान गेली. कागदावर दोन भोके शेजारी शेजारी. मला शाळकरी पोरासारखा आनंद झाला, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. पाचव्याला नुसते 'खट्' झाले. अशा वेळी हत्यार उघडायचे नसते. नळी बंधाऱ्याकडे रोखून पूर्ण अर्धा मिनिट थांबायचे. दारू आत धुमसत असली तर उशिरा पेटते. तो अर्धा मिनिट फार लांब होता. काही झाले नाही. मग सहावे. घोडा पडला आणि टिकलीसारखा 'फट्' एवढाच आवाज आला.

"थांबा, मास्तर!" अण्णा ओरडले.

रिव्हॉल्वर मोडून काडतुसे काढली, नळीत पितळी गज घातला. गज निम्म्यावर अडला. गोळी नळीतच बसली होती! टोपी पेटली, पण म्हाताऱ्या दारूत तिला बाहेर लोटण्याइतका दम उरला नव्हता. न पाहता आणखी एक गोळी झाडली असती, तर नळी फुटून माझा हात गेला असता. लाकडी हातोड्याने हलके हलके ठोकून आम्ही ती बाहेर काढली. मी ती तळहातावर घेतली. कोमट होती. एका साम्राज्याने जगभर धाक घातला तो या वस्तूच्या जोरावर. आणि कोठार तुटल्यावर तीच वस्तू स्वतःच्या घरातूनही बाहेर पडू शकत नव्हती. वर्गातल्या पोरांना आता मी काय सांगेन ते मला कळले. शस्त्राला स्वतःचे बळ नसते. त्याला रोज जेवू घालणारा कुणीतरी लागतो. आणि तो जेवू घालायचा थांबला, की उरते ते नुसते सुबक लोखंड.

दुसऱ्या दिवशी अण्णांबरोबर मी ठाण्यावर गेलो. कारकुनाने रिव्हॉल्वरचा नंबर ताडून पाहिला, पाच टरफले मोजली, आणि वहीत लिहिले, 'निकामी काडतूस, नग एक.'

परत येताना अण्णा रिक्षात गप्प होते. घरी आल्यावर त्यांनी पावतीची चौपदरी घडी केली, काडतुसांच्या त्या चपट्या डब्यात ठेवली आणि डबा होता त्याच जागी, वडिलांच्या तसबिरीमागे, सरकवून दिला. मग सून चहा घेऊन आली तशी तिला म्हणाले, "आज साखर जरा जास्त घाल गं. मास्तरांचा नेम चांगलाय."