मशीन चेक एक्सेप्शन
मशीन चेक एक्सेप्शन म्हणजे प्रोसेसर, स्मृती किंवा बस यांतील भौतिक दोषाची वर्दी प्रोसेसरने कार्यप्रणालीच्या कर्नेलला देण्यासाठी उठवलेला अपवाद-संकेत होय. इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरांत त्याचा क्रमांक १८ आहे. संकेत येताच चालू काम थांबते आणि कर्नेल दोषाची नोंद असलेली रजिस्टरे वाचून पुढचा निर्णय घेते.

ईसीसी स्मृतीत एक बिट उलटल्यास तो जागीच दुरुस्त होतो. दोन उलटल्यास दोष कळतो, पण दुरुस्ती होत नाही. दुरुस्त झालेल्या दोषाची वर्दी नव्या प्रोसेसरांत वेगळ्या, साध्या इंटरप्टने येते. अशा इंटरप्टांचा भडिमार झाला तर लिनक्स ते बंद करून ठरावीक कालांतराने स्वतःच रजिस्टरे तपासते; एरवी सारा वेळ वर्दी ऐकण्यातच जाईल. दुरुस्त न होणारा दोष एखाद्या प्रोग्रामच्या स्मृतिपानात असल्यास ते पान बाद करून तेवढा प्रोग्राम बंद केला जातो. कर्नेलचीच विदा बिघडली असेल तर सहसा संपूर्ण यंत्रणा थांबवतात.

हा उपाय कठोर वाटला तरी योग्यच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०१८ साली सुरू झालेल्या, ४ पेटाफ्लॉप्स क्षमतेच्या ‘प्रत्यूष’ महासंगणकाचे मुख्य काम हवामानाचे गणित हे होते. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुरात बुडालेले महाड किंवा दरडींनी ग्रासलेला पोलादपूर तालुका यांना असा अंदाज किती मोलाचा, हे सांगणे नको. बिघडलेला आकडा दिसायला बरोबर आकड्यासारखाच असतो. थांबलेले गणित मात्र, मधल्या टप्प्यांची स्थिती डिस्कवर जतन केलेली असल्यास, तेथून पुढे चालवता येते.